ड्रंक अँड ड्राईव्ह : मशीनमध्ये फुंकलं की झालात गुन्हेगार?

माजिवडेकर (धागा यांचा)

आधीच सांगतो, पिऊन गाडी चालवणाऱ्यांची वकिली करायला हा धागा काढलेला नाही, त्यामुळे 'तुम्हीच टाकून निघाला असाल' हा प्रतिसाद टाईप करत असाल तर राहू द्या. मुद्दा श्वासावरून दारू मोजणाऱ्या मशीनचा आहे.

गेल्या शनिवारी रात्री घोडबंदर रोडला नाकाबंदी होती, माझा मेहुणा लग्नाच्या रिसेप्शनवरून परत येत होता. एक लहान पेग घेतला होता हे तो स्वतः कबूल करतो. हवालदाराने खिशातून फुंकायचा पाईप काढला, सीलबंद पाकीट वगैरे काही नाही, मशीनला लावला आणि फुंका म्हणाला. आकडा 34. मर्यादा 30, म्हणजे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम दारू. मेहुणा म्हणाला साहेब दहा मिनिटांनी परत घ्या, नाही. फुंकायच्या आधी मशीनवर शून्य होतं का ते दाखवा, नाही. स्लिप हातात, गाडी बाजूला, लायसन्स जमा, 'काय ते कोर्टात सांगा'. आता दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे पहिल्या वेळेला.

भाजीवाल्याच्या काट्याला वजनमापेवाल्यांचा शिक्का लागतो आणि पाव किलो भेंडीत दहा ग्रॅम कमी भरली तर आपण तिथेच भांडतो. इथे चार मिलिग्रॅमवर माणूस कोर्टात उभा राहतो आणि मशीन शेवटची कधी तपासली हे विचारायची सोय नाही. नाकाबंदी हवीच, रोज लावा. पण फुंकायच्या आधी शून्य दाखवा, पाईप माझ्यासमोर पाकिटातून काढा आणि आकडा काठावर असेल तर थोड्या वेळाने दुसऱ्यांदा घ्या. एवढंच मागणं आहे, फार आहे का?

सानपाड्याची सिस्टर

फार नाही पण चुकीच्या जागी आहे. मी कॅज्युअल्टीला नाईट करते. पाम बीच रोडवरून शनिवारी रात्री दोन-तीनच्या सुमारास जी पोरं येतात ती बघायला या एकदा. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, तोंडाला वास, आणि मागे बसलेला शुद्धीवर नाही. त्याच्या आईला फोन मला करावा लागतो हो, मशीनला नाही. तुम्ही 34 वर हळहळता, मला 30 च जास्त वाटतात. एक पेग घेतलाच होता ना? मग गाडी का काढली? रिसेप्शनच्या हॉलबाहेर रिक्षा नव्हत्या?

माजिवडेकर

सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण कायद्याने शून्य म्हटलेलं नाही, 30 म्हटलंय. मर्यादा शून्य करा, मग माझा मेहुणाही गप्प बसेल. जोवर आकडा आहे तोवर तो बरोबर मोजला गेला पाहिजे.

महापे_कॅलिब्रेशन

टीटीसीत (नवी मुंबईचा औद्योगिक पट्टा) इन्स्ट्रुमेंट लॅबमध्ये आहे म्हणून थोडं लिहितो, लांबेल. चांगल्या मशीनमध्ये फ्युएल सेल असतो, श्वासातली दारू प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर जळते आणि त्यातून जो करंट येतो तो मोजला जातो. बाजारात हजार-दीड हजाराला मिळतात त्यात सेमीकंडक्टर सेन्सर, ते भलत्याच वाफांनाही हलतात, डायबेटीसवाल्याच्या श्वासातल्या अॅसिटोनलासुद्धा. ते खेळणं म्हणून ठीक, केस करायला नाही.

मशीन रक्त मोजतच नाही, श्वास मोजते आणि 2100 ने गुणून रक्ताचा अंदाज सांगते. हा 2100 सरासरी आहे, कोणाचं प्रमाण कमी कोणाचं जास्त, त्यामुळे 150 आला तर कसलीच शंका नाही, पण 34 आणि 28 यात मी तरी छातीठोकपणे फरक सांगणार नाही.

सगळ्यात मोठा घोळ तोंडातल्या दारूचा. माऊथवॉश, कफ सिरप, दशमूलारिष्ट (आसव-अरिष्टात आंबवताना तयार झालेली दारू असतेच), हे घेऊन लगेच फुंकलं तर आकडा उडतो, कारण ती वाफ फुफ्फुसातली नसून गालातली असते. पंधरा मिनिटं थांबलं की उतरते. म्हणून दुसरी फुंकर महत्त्वाची. 2025 मध्ये केरळात एसटीच्या ड्रायव्हरांचा किस्सा झाला होता, डेपोत ड्युटीच्या आधीच्या टेस्टला आकडा आला आणि शोध घेतल्यावर कळलं की पिकलेला फणस खाल्ला होता. कोकणातून मे महिन्यात परत येणाऱ्यांनो, लक्षात घ्या 😄

इंग्लंडात मर्यादा 80 आहे, आपल्यापेक्षा कितीतरी ढिली, पण तिथे रस्त्यावरची मशीन फक्त चाळणीसाठी. पुराव्याची टेस्ट पोलीस स्टेशनात मोठ्या मशीनवर, दोन सँपल, आणि त्यातला कमी आकडा धरतात. आपण मर्यादा कडक ठेवली आणि मोजणी सैल.

गाववाला_येऊर

मेहुण्यांचा एक पेग म्हणजे 30 मिली का 60, ते विचारा आधी. सत्तर किलोच्या माणसाला 60 मिली व्हिस्की म्हणजे ढोबळ 40 चा आकडा. स्ट्राँग बियरची मोठी बाटली म्हणजे 80 च्या वर. आणि शरीर तासाला साधारण 15 उतरवतं, लिंबू पाणी प्या नाहीतर कॉफी. तीस मिलीत 34 येत नाही, वीस-बावीस येतो फार तर. आमच्याकडे येऊरच्या डोंगरावर रविवारी पार्ट्या करून खाली उतरणारे सगळे 'एकच' घेतलेले असतात.

याचीच दुसरी बाजू, रात्री बारापर्यंत क्वार्टर संपवून झोपलेला माणूस पहाटे पाचला स्कूल बस काढायला निघाला तर तो अजून 30 च्या वर असू शकतो, आणि त्याला वाटतं आपण एकदम फ्रेश. पहाटेची नाकाबंदी कोणी बघितलीय का?

पिवळी_पाटी

मी टुरिस्ट गाडी चालवतो, एअरपोर्ट ते ठाणे ते पनवेल. दारूला हात लावत नाही तरी महिन्यात कितीतरी वेळा फुंकतो, नाकाबंदी दिसली की आम्ही आपणच काच खाली करतो. रागही येत नाही आता. पण एक बघा, माझ्या पुढची मोठी काळी गाडी, काळ्या काचा, पुढे कसलातरी बिल्ला, तिला हात दाखवून 'चला चला'. मागचा अॅक्टिव्हावाला पकडला. मशीन खरं बोलते का खोटं ते साहेब लोकांनी ठरवावं, ती कोणाच्या तोंडासमोर धरतात तेही लिहा.

वकील_जांभळी नाका

पिवळी पाटीवाल्या दादांनी नेमकं बोट ठेवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 203 म्हणतं की गणवेशातल्या पोलिसाला वाजवी संशय असेल तर तो श्वासाची टेस्ट मागू शकतो. सरसकट रांग लावून प्रत्येकाला फुंकायला लावणं हे या शब्दांत बसवायला जरा ओढाताण करावी लागते. मला विचाराल तर सरसकटच बरं, कारण संशयावर सोडलं की संशय कायम अॅक्टिव्हावरच येतो. पण मग कायद्यात तसं लिहा.

मेहुण्यांच्या केसमध्ये शून्याचा मुद्दा कामाचा आहे. केरळ हायकोर्टाने 2025 मध्ये एका केसमध्ये हेच धरलं, टेस्टच्या आधीची कोरी चाचणी शून्य दाखवत नसेल तर पुढच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवता नक्की येतो. शिवाय 2025 मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने या मशीनच्या पडताळणी आणि शिक्क्यासाठी मसुदा नियम काढले होते, म्हणजे तुमचा भाजीवाल्याच्या काट्याचा मुद्दा सरकारलाही सुचलाय.

सानपाड्याची सिस्टर

वकील साहेब, असं सुटलेले पुढे काय करतात ते आम्ही बघतो. 'मशीन खराब होती' म्हणून बाहेर येतात आणि पुढच्या थर्टी फर्स्टला परत.

खारघर_हिल्स

मशीन नको तर रक्त घ्या म्हणणाऱ्यांना पुण्याचं प्रकरण आठवतंय का? मे 2024, कल्याणी नगर, गाडीच्या धडकेत दोन जीव गेले आणि ससूनमध्ये रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक. त्याच वर्षी जुलैत वरळीला गाडीने बाईंना फरफटत नेलं, आरोपी दोन दिवसांनी सापडला, रक्तात दारू कशी मिळणार तोपर्यंत? ज्याच्याकडे ओळख आहे त्याच्यासाठी ब्लड टेस्ट ही सोय आहे. रस्त्यावरची मशीन निदान सगळ्यांसमोर आकडा दाखवते आणि छापून देते. मी तरी मशीनच्या बाजूने, कितीही डगमगती असली तरी.

माजिवडेकर

सगळ्यांसमोर म्हणता, मग शून्यही सगळ्यांसमोर दाखवायला हरकत काय? मी मशीन काढून टाका म्हटलेलंच नाही, लोक वाचत का नाहीत? आणि गाववाले, पेग 30 चा का 60 चा ते मी विचारलं, उत्तर आलं 'लहान'. पुढे बायको मध्ये पडली.

गाववाला_येऊर

😂 म्हणजे 60.

महापे_कॅलिब्रेशन

खारघरवाले, तुमचा मुद्दा मान्य पण अर्धाच. रक्तात फेरफार होतो म्हणून मशीन न तपासता वापरायची हे कसं काय? आकडा छापला गेला म्हणजे बरोबर आला असं नसतं, आमच्या लॅबमध्ये सुंदर छापलेले चुकीचे आकडे रोज येतात.

पिवळी_पाटी

वकील साहेब एक विचारायचं होतं, समजा मी प्यायलोच नाहीये आणि तरी आकडा आला, तर ब्लड टेस्ट पाहिजे म्हणून अडून बसता येतं का? आमचं लायसन्स गेलं तर घर बसतं.

वकील_जांभळी नाका

'मला हवी' असा हक्क कलमात सरळ लिहिलेला नाही दादा. 204 मध्ये पोलिसांनी रक्त मागायची तरतूद आहे. पण 202 वाचा, 185 (पिऊन गाडी चालवण्याचं कलम) खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडे तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. त्यामुळे हुज्जत न घालता स्लिपच्या मागे किंवा कोऱ्या कागदावर लिहून द्या की मी प्यायलेलो नाही, माझी वैद्यकीय तपासणी करा, आणि वेळ टाका. फुंकायला नकार मात्र कधीच देऊ नका, तो नकारच 205 खाली तुमच्या विरोधात पुरावा म्हणून धरला जाऊ शकतो. मशीनचा नंबर स्लिपवर असतो, त्याचा फोटो तिथल्या तिथे काढा, थर्मल कागद आहे, तारीख पडेपर्यंत अक्षरं पुसट होतात.