मदत हवी आहे: मिलीचे कप कसे करायचे?

मंडळी, केकच्या एका कृतीत दूध ३७५ मिली आणि तेल १८० मिली दिलंय. माझ्याकडे मापाचे कप आहेत, पण त्यांवर नुसतं '१ कप', '१/२ कप' एवढंच. मिलीचा पत्ता नाही!

शोधलं तर गोंधळ वाढला. मेट्रिक कप २५० मिलीचा, अमेरिकन साधारण २३७ (पाकिटांवरच्या पोषणमूल्यांसाठी मात्र २४०), जपानी तर २०० चाच. ३७५ म्हणजे २५० च्या कपाने बरोब्बर दीड, आणि १८० म्हणजे २४० च्या कपाने बरोब्बर पाऊण. मग कृती लिहिणाऱ्याने नक्की कोणता कप धरला असेल?

शेवटी कप पाण्याने काठोकाठ भरून वजन केलं (१ मिली पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम). २३८ ग्रॅम भरलं. म्हणजे माझा कप अमेरिकन म्हणायचा ना? की काठोकाठ भरण्यातच चूक झाली?

तसं असेल तर दूध दीड कप आणि वर १५ मिलीचा एक मोठा चमचा, हा हिशोब चालेल का? ऑस्ट्रेलियात तोच चमचा २० मिलीचा असतो म्हणे, म्हणून धास्ती.

आणि तेल थेट काट्यावर मोजायचं तर? ते पाण्याहून हलकं, म्हणजे १८० ग्रॅम घेतलं तर जास्तच पडेल. किती ग्रॅम घेता तुम्ही?