मसुराच्या मुळांवरच्या गाठी आतून पांढऱ्या, मदत हवी आहे

राम राम मंडळी. बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमची काळी जमीन आहे. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर टाकतो, आजोबांपासूनची रीत. यंदा फुलं यायची वेळ आली तरी पीक पिवळट आहे. आधी खालची पानं गेली, आता वरही फिकट पडतंय.

काही रोपं मातीच्या ढेकळासकट उपटून पाण्यात अलगद धुतली. गाठी आहेत, पण मोहरीएवढ्या, आणि नखानं फोडल्या तर आतून पांढऱ्या, काही हिरवट. काम करणारी, म्हणजे हवेतला नत्र पिकाला देणारी गाठ आतून गुलाबी-लाल हवी. बांधाकडेच्या थोड्या रोपांवर तशा मिळाल्या, आणि तीच रोपं हिरवीगार आहेत!

पेरताना बियाण्याला रायझोबियम (या गाठी तयार करणारे जिवाणू) चोळलं होतं, गुळाच्या पाण्यात, सावलीत वाळवून. पण दुकानात हरभऱ्याचंच पाकीट होतं. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मसूर-वाटाण्याचा वेगळा, हे आता वाचनात आलं. माझा संशय त्याच्यावरच आहे. की भातात महिनोन्‌महिने पाणी साचल्यानं जमिनीतले मूळचे जिवाणू कमी झाले असतील?

उभ्या पिकाला आता काय करता येईल? शेजारचे दादा युरिया टाक म्हणतात, पण जास्त नत्रानं गाठी आणखी मंदावतात, म्हणून हात धजत नाही. दोन टक्के युरियाची फवारणी चालेल का? आणि मसुराचं पाकीट बेळगाव, खानापूर किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात कुणाला मिळालंय का? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.