विद्यार्थ्यांच्या मैफलीत विसरलेला अंतरा: आपले अनुभव लिहा

गोदाकाठची
गेल्या रविवारी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात गायनवर्गाच्या विद्यार्थ्यांचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. शेजारची मुलगी गाणार होती आणि तिने दोनदा दार वाजवून बोलावले होते, म्हणून मी गेले. सकाळपासून पावसाची झड होती, गोदावरीचे पाणी पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागल्याचे सगळे एकमेकांना सांगत होते, आणि पंचवटीकडून येणारी मुले वाटेत अडकल्यामुळे ठरलेला क्रम मोडून, जो हजर असेल त्याने गावे अशा पद्धतीने कार्यक्रम सुरू झाला.

चौथ्या क्रमांकावर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बसली. दुर्गा राग, सोळा मात्रांचा तीनताल, छोटा ख्याल. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) तिने नीटस मांडली, पण अंतऱ्याच्या (पुढच्या भागाच्या) दुसऱ्या ओळीशी आल्यावर तिला शब्द आठवेनात. तिने डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटे मांडीवर मोजत राहिली. तबलजींनी साधा ठेका चालू ठेवला, पेटीवाल्या ताईंनी षड्जावर (सा वर) बोट ठेवून सूर धरून ठेवला, आणि तालाची दोन आवर्तने तशीच गेली. तिसऱ्या आवर्तनात तिने शब्दांचा नाद सोडून त्याच सुरांचा नुसता 'आ'कार लावला, धैवतावर थोडी थांबली, तिथून खाली उतरली आणि नवव्या मात्रेला स्थायीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) उचलून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली. सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही, पण माझ्या पुढच्या रांगेतल्या चार-पाच माना एकाच वेळी हलल्या.

त्या दोन आवर्तनांत माझ्या तळहातांना घाम आला होता, कारण 1989 साली याच शहरात, याच निमित्ताने, मी यमनचा अंतरा विसरले होते आणि मी डोळे मिटून थांबले नव्हते, तर सरळ उठून विंगेत पळाले होते. आमच्या गुरुजींनी मला रागावले नाही. पुढच्या मुलाचे गाणे सुरू होण्याआधी त्यांनी मला हाताला धरून परत आणले आणि उरलेला कार्यक्रमभर तंबोऱ्यावर बसवले. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने पुढच्या तीन तारा, असे दीड तास चालले. पहिली दहा मिनिटे मी रडत होते, नंतर रडायचे विसरले.

आपल्यापैकी अनेकांनी अशा कार्यक्रमांत गायले असेल, वाजवले असेल, किंवा पालक म्हणून खुर्चीची कड धरून बसला असाल. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

ठेकेदार
माझ्या नावावरून पूर्वी गैरसमज झाले आहेत, त्यामुळे आधीच सांगतो की मी रस्ते बांधत नाही, तबल्याचा ठेका धरतो. नाशिकमध्ये बावीस वर्षे विद्यार्थ्यांना साथ करत आहे.

आपण वर्णन केलेल्या तबलजींनी जे केले ते दिसायला सोपे असते. मूल अडकले की साथीदाराचा हात शिवशिवतो, कारण पोकळी दिसली की ती भरावीशी वाटते, परंतु त्या वेळी तुकडा किंवा भराव वाजवला तर मुलाचा उरलासुरला हिशेबही हातून जातो. मी अशा वेळी ठेका अगदी पुस्तकी करतो आणि 'खाली'चा, म्हणजे तालातला टाळीविना मोजायचा भाग मुद्दाम स्वच्छ वाजवतो. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो, तेवढ्यावरून आवर्तनात आपण कुठे आहोत हे मुलाला उमगते आणि पुढच्या फेरीत ते मुखडा पकडते. तोंडाने 'सम आली' असे कुजबुजणारे साथीदारही असतात, पण समोर माईक असतो याचा त्यांना विसर पडतो.

गुरुपौर्णिमा आषाढात येते, ही आम्हा तबलेवाल्यांची खरी अडचण आहे. दमट हवेत पुडी सैलावते आणि सूर उतरतो, म्हणून घरून हातोडीने गट्टे ठोकून मिळवून आणलेला तबला सभागृहात पोहोचेपर्यंत अर्धा स्वर खाली गेलेला असतो. तो पुन्हा चढवावा, तर रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने चामडे ताणले जाऊन तासाभरात वर जातो. त्यातच मुलांची पट्टी, म्हणजे सा मानलेला पेटीवरचा सूर, काळी एकपासून काळी पाचपर्यंत कुठेही असते. मी चार तबले घेऊन जातो. रिक्षावाले मला भांडीवाला समजतात.

काळी चार
चार तबले म्हणजे फारच झाले. आमच्या वर्गात एकाच तबल्यावर सगळ्या मुली काळी चारमध्ये गात असत, आणि ज्यांचा आवाज तिथे बसत नसे त्यांचा आवाज वाईट आहे असे आम्ही खुशाल ठरवून टाकत असू. तीस वर्षांनंतर आता त्याची लाज वाटते.

सिडकोतली आई
मी गाण्यातली नाही, मी फक्त डबा आणि छत्री सांभाळणारी आहे, परंतु एक प्रसंग लिहिण्यासारखा आहे.

माझ्या मुलाचे गेल्या वर्षी एकल तबलावादन होते. कायदा (ठरलेली रचना), चार पलटे (तिचे फेरफार) आणि शेवटी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा). पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याची बोटे चालू असल्यामुळे त्याची तिहाई मला पाठ झाली होती: पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम (विराम), पुन्हा पाच, पुन्हा एक दम, पुन्हा पाच. समेपासून सुरू केली तर सतरावी मात्रा, म्हणजेच पुढची सम, तुकड्याच्या शेवटच्या 'धा'वर येते. प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याने घाईत पहिला दम खाल्ला आणि 'धा' सोळाव्या मात्रेवर पडला. समोर बसलेल्या साठ-सत्तर जणांपैकी किती जणांना ते कळले असेल कोण जाणे, टाळ्या मात्र पडल्या.

टाळ्या पडूनही तो उठला नाही. पेटीवरचा लेहरा (साथीची फिरती धून) चालूच होता. त्याने एक आवर्तन ठेका वाजवला, माईककडे वाकून "परत घेतो" म्हणाला आणि तिहाई पुन्हा वाजवली. या वेळी समेवर त्याचा हात आणि लेहऱ्याचा पहिला सूर एकत्र पडले, तेव्हा पेटीवरच्या दादांनी मान हलवली. घरी येताना मी त्याला विचारले की लोकांनी तर टाळ्या वाजवल्याच होत्या, मग पुन्हा कशाला घेतलीस. त्यावर तो म्हणाला, "आई, दादांना कळलं होतं ना."

ठेकेदार
सिडकोतल्या ताई, मुलाला माझा नमस्कार सांगा. मी मोठमोठ्या कलाकारांना चुकलेली तिहाई डोक्याच्या झटक्याने झाकताना पाहिले आहे.

मध्यमा नापास
माझी कथा आवाज फुटण्याची आहे, आणि ती मुलांच्या बाबतीत फार कमी सांगितली जाते.

मी चौदा वर्षांचा होतो. भूप गाणार होतो. महिनाभर आधी बसवलेली पट्टी होती आणि मधल्या काळात गळ्यात काय उलथापालथ चालली आहे, हे मलाही समजले नव्हते. सकाळच्या तालमीत आवाज खरखरला, तेव्हा सर्वांनी मला हळद घातलेले दूध पाजले. प्रत्यक्ष कार्यक्रमात तार षड्ज (वरचा सा) लावायला गेलो आणि कोंबडा आरवावा तसा आवाज निघाला. मुली हसल्या, माझा सख्खा भाऊ सर्वांत मोठ्याने हसला.

पट्टी बदलणे शक्य नव्हते, कारण तबला एकच होता आणि तो त्याच षड्जात लागलेला होता. आमच्या बाई पेटीवर होत्या. त्यांनी वरच्या सप्तकाकडे जाणारी बोटे आखडती घेतली आणि गंधारावर येऊन थांबल्या. मी त्यांच्याकडे पाहिले आणि पुढची सहा-सात मिनिटे पंचमाच्या वर जवळजवळ गेलोच नाही. सा, रे, ग यांच्यातच घुटमळत राहिलो, गंधारावरून रिषभावर, रिषभावरून खालच्या धैवतावर. नंतर बाईंनी समजावले की भूप हा पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात खुलणारा राग असल्यामुळे त्या दिवशी मी वाचलो. तेच स्वर असलेला देशकार माझ्या वाट्याला आला असता, तर त्याचे सगळे चलन वरच्या अंगाला असल्याने पळ काढण्याखेरीज मार्ग नव्हता. भूप आणि देशकार यांतला फरक परीक्षेसाठी मी पाठ केला होता, तो मला कळला मात्र त्या दिवशी. परीक्षेत तरीही नापास झालो, ती गोष्ट वेगळी.

शेवटची रांग
सगळे इतके हळवे लिहीत आहेत, तर थोडी कटू बाजूही मांडतो. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात चाळीस मुले, प्रत्येकी सात मिनिटे, त्यात प्रमुख पाहुण्यांचे पस्तीस मिनिटांचे भाषण आणि प्रत्येक पालकाचा हार, असा पाच तासांचा बेत असतो. आपले मूल गाऊन झाले की पालक चिवड्याची पुडी उचलून निघतात. शेवटी विशारद परीक्षेची तयारी करणारी, खरोखर ऐकण्याजोगी मुले गायला बसतात तेव्हा सभागृहात त्यांचे आईवडील, सतरंज्या गुंडाळणारा माणूस आणि मी, एवढेच उरतो. मागच्या वर्षी एका मुलाने रिकाम्या खुर्च्यांसमोर बागेश्रीचा विलंबित ख्याल असा काही मांडला की सतरंजीवाला हातातले काम टाकून पायरीवर बसला. आयोजकांनी निदान भाषण शेवटी ठेवावे, म्हणजे निघून जाणाऱ्यांची आणि थांबणाऱ्यांची दोघांचीही सोय होईल.

गोदाकाठची
शेवटची रांग, आपली तक्रार मान्य आहे आणि एक कबुलीही देते. मीदेखील शेजारची मुलगी गाऊन झाल्यावर अर्ध्या तासात उठले. पावसाचे कारण पुढे केले होते, पण पाऊस तोपर्यंत थांबला होता.

जुना पंचवटीकर
थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, हे सर्वांना माहीत असते, परंतु त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या नाशकात गेली आणि इथे त्यांचा रामनाम आधाराश्रम होता, हे नव्या पिढीला सांगावे लागते. 1931 साली ते वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते, आणि हाच मुलगा पुढे चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. आपल्या गावातल्या चौदा वर्षांच्या मुलांना मंचावर बसलेले पाहतो, तेव्हा मला हे हमखास आठवते.

आता माझा स्वतःचा प्रसंग, जो विष्णु दिगंबरांच्याच स्वरलिपीमुळे (सूर लिहिण्याच्या पद्धतीमुळे) घडला. मी पेटी शिकत होतो आणि एका समूहगीताला साथ करण्यासाठी मला आयत्या वेळी कागद देण्यात आला. मी भातखंडे पद्धतीवर शिकलेला, म्हणजे स्वराच्या डोक्यावर टिंब दिसले की तार (वरचे) सप्तक, हे माझ्या हाडीमाशी भिनलेले. कागद लिहिणाऱ्या बाई पलुस्कर पद्धतीच्या होत्या, ज्यात डोक्यावरचे टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचे असते. परिणामी बारा मुली खाली उतरत असताना माझी पेटी वर वर चढत गेली. गाणे संपेपर्यंत मुलींनी माझ्याकडे आणि मी कागदाकडे संशयाने पाहिले. पाहुण्यांनी मात्र भाषणात 'पेटीची स्वतंत्र वाट' असे म्हणून कौतुक केले. त्या कौतुकाचा मी आजवर खुलासा केला नव्हता.

काळी चार
पंचवटीकर काका, 'स्वतंत्र वाट' वाचून मी बसमध्ये मोठ्याने हसले आणि शेजारच्या आजींनी काय झाले म्हणून विचारले. त्यांना सप्तक समजावून सांगता सांगता माझा थांबा मागे गेला.

मध्यमा नापास
गोदाकाठची ताई, 1989 नंतर आपण पुन्हा कधी गायलात की नाही, हे आपण लिहिलेच नाही.

गोदाकाठची
मंचावर नाही. तंबोऱ्यावर मात्र पुढची सहा वर्षे दरवर्षी बसले, कारण गुरुजी मला विचारल्याशिवायच बसवत असत. जवारी लागलेला (तारा गुंजू लागलेला) मिरजेचा तंबोरा मांडीशी घेऊन बसले की गाणाऱ्याचा श्वास आपल्याला पाठीमागून दिसतो. कोण घाबरला आहे, ते त्याच्या खांद्यांवरून कळते. रविवारी त्या मुलीच्या मागे तंबोरा नव्हता, छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र होते. सूर अचूक होता, परंतु तिच्या मागे कोणी बसलेले नव्हते, ही एक गोष्ट मला सारखी खुपत राहिली.

त्रेसष्टावी पट्टी
मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि निवृत्तीनंतर गाणे शिकू लागले. प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाली आहे. आमच्या वर्गाचा कार्यक्रम पावसामुळे पुढे ढकलला गेला होता, तो येत्या रविवारी आहे. माझ्या आधी आठ वर्षांची मुलगी आहे आणि माझ्यानंतर नऊ वर्षांचा मुलगा. त्या मुलीने मला काल विचारले की आजी, तुम्ही विसरलात तर काय करणार, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

आज दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजत हा धागा वाचला. त्यानंतर वृंदावनी सारंगाचा अंतरा शब्दांशिवाय नुसत्या आकारात तीनदा म्हणून पाहिला. दोनदा मुखड्यावर नीट आले, तिसऱ्यांदा दोन मात्रा आधीच पोहोचले. गोदाकाठची ताई, घरात सुनेच्या आजोबांचा तंबोरा आहे, त्याची एक तार तुटली होती ती काल बसवून घेतली. रविवारी दुपारी चारला आपण मोकळ्या असाल, तर माझ्या मागे बसाल का?

गोदाकाठची
पट्टी कळवा. मी साडेतीनलाच येते, तारा मिळवायला वेळ लागेल.