मदत हवी आहे : चकाकणाऱ्या खेळाडू-कार्डांपैकी दुर्मीळ कोणती आणि साधी कोणती, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

धरमपेठची_आत्या :

सप्रेम नमस्कार. माझ्या मोठ्या भावाने १९९०च्या दशकात अमेरिकेत नोकरीला असताना बास्केटबॉलची कार्डे जमवली होती, आणि पुढे नागपूरला परत आल्यावर त्याच्या दोन्ही मुलांनी त्यांत फुटबॉल व क्रिकेटच्या कार्डांची भर घातली. तो सगळा संग्रह सध्या माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात आहे. आता दोन्ही भाच्यांमध्ये त्याची वाटणी करायची आहे आणि ती नुसती मोजून सारखी करून चालणार नाही, कारण एकाच्या वाट्याला सगळी दुर्मीळ आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळी साधी कार्डे गेली, तर तो हिशेब पुढे माझ्याच दारात येणार. विकण्याचा विचार अजिबात नाही. त्यामुळे कृपया बाजारभाव न सांगता केवळ ओळख कशी पटवावी तेवढे सांगावे.

अडचण अशी की डब्यातली निम्म्याहून अधिक कार्डे चकाकतात. टॉप्स कंपनीच्या ‘फाइनेस्ट’ आणि ‘क्रोम’ या दोन्ही संचांतली तर सगळीच आरशासारखी आहेत. त्यांत काही जोड्या सापडल्या : खेळाडू तोच, छायाचित्र तेच, क्रमांकही तोच. क्रोमच्या एका जोडीत एका कार्डाच्या पाठीवर क्रमांकाजवळ बारीक अक्षरांत ‘रिफ्रॅक्टर’ असे छापले आहे, दुसऱ्यावर नाही. मात्र १९९३-९४ च्या हंगामाच्या फाइनेस्टमधील जोडीत दोन्ही पाठी तंतोतंत सारख्या असूनही पुढची बाजू मला किंचित वेगळी वाटते. हा फरक खरा आहे की माझ्या चष्म्याचा, ते समजत नाही.

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पानिनी ‘प्रिझम’ संचातही असेच आहे. काही कार्डांच्या मागे ‘प्रिझम’ हा शब्द आहे आणि काहींच्या मागे नाही. शिवाय काही जुन्या बास्केटबॉल कार्डांवर ‘१५ पैकी ३’ या अर्थाची इंग्रजी नोंद आहे. म्हणजे जगात अशी पंधराच कार्डे आहेत असे समजायचे का? मुलांचा तसा ठाम समज आहे.

शेवटी क्रिकेट. ‘क्रिकेट अटॅक्स’ची सोनेरी झाक असलेली बरीच कार्डे आहेत आणि आयपीएलच्या सामन्यासाठी जामठ्याला जाताना रस्त्यावर सुटी घेतलेली दोन कार्डे आहेत, जी सर्वांत जास्त चमचमतात आणि म्हणूनच मला सर्वांत कमी विश्वासार्ह वाटतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सदरचा_संग्राहक :

ताई, फरक खरा आहे आणि आपल्या चष्म्याचा त्यात काही दोष नाही. या छंदात नवा माणूस चकाकीकडे पाहतो, तर मुरलेला माणूस आधी कार्ड उलटे करतो. चकाकी हा त्या संचाचा मूळ पोतच असू शकतो. क्रोम, फाइनेस्ट आणि प्रिझम या संचांत अगदी साधे कार्डसुद्धा चकाकते, कारण पुठ्ठ्यावर धातूसारखी झाक असलेला प्लास्टिकचा थर दिलेला असतो. अशा साध्या कार्डाला ‘बेस’ म्हणतात. तेच छायाचित्र आणि तोच क्रमांक ठेवून वेगळ्या झळाळीत, कमी संख्येने काढलेल्या आवृत्तीला ‘पॅरलल’ म्हणतात. आपल्याला बेस आणि पॅरलल वेगळे करायचे आहेत. ‘इन्सर्ट’ हा प्रकार निराळा असतो. त्याची मांडणी, छायाचित्र आणि क्रमांकमालिका हे सगळेच स्वतंत्र असते.

टॉप्सने रिफ्रॅक्टर, म्हणजे इंद्रधनुषी झळाळीचे पॅरलल, प्रथम १९९३ मध्ये फाइनेस्टच्या बेसबॉल संचात आणले. त्या संचातल्या १९९ कार्डांपैकी प्रत्येकाची रिफ्रॅक्टर आवृत्ती होती आणि प्रत्येकी सुमारे २४१ प्रती निघाल्या असाव्यात, असा संग्राहकांमध्ये रुळलेला जुना अंदाज आहे. गंमत म्हणजे त्या सुरुवातीच्या फाइनेस्ट कार्डांवर ‘रिफ्रॅक्टर’ हा शब्द कुठेच छापलेला नव्हता, त्यामुळे पाकीट फोडणाऱ्या अनेकांना आपल्या हातात वेगळे काही आले आहे हे कळलेही नसेल. आपली १९९३-९४ ची बास्केटबॉलची जोडी याच प्रकारात मोडते. तिथे पाठ वाचून उपयोग नाही, प्रकाशावरच भिस्त ठेवावी लागेल. पुढे १९९६ पासून टॉप्स क्रोम हा संच निघू लागला, आणि त्याच्या बहुतेक रिफ्रॅक्टरवर तो शब्द पाठीमागे क्रमांकाजवळ छापलेला असतो.

प्रकाशाची परीक्षा अशी करावी. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढावे, कारण काही पाकिटे स्वतःच इंद्रधनुषी रंग दाखवतात आणि फसगत होते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी. पसरट उजेडात हा फरक विरघळून जातो; त्यासाठी मोबाइलच्या टॉर्चसारखा एका बिंदूतून येणारा प्रकाश हवा. कार्ड कडांना धरून हळूहळू तिरपे करत जावे. बेस कार्डावर पांढरा झोत सरकताना दिसेल, जणू लहानसा आरसाच. रिफ्रॅक्टरवर मात्र तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे पट्टे खेळाडूच्या अंगावरून आणि पार्श्वभूमीवरून वाहत जातील, कारण त्याच्या थराची रचनाच प्रकाशाचे रंग सुटे करणारी असते. एकदा हे पट्टे पाहिले की पुढचे कार्ड ओळखायला जोडीचीही गरज उरत नाही. स्थिर छायाचित्रात हे नीट उतरत नाही, म्हणून कोणाला दाखवायचे झाल्यास कार्ड हलवतानाची छोटी चित्रफीत काढावी.

प्रिझममध्ये काम सोपे आहे. हा संच पानिनीने २०१२ मध्ये सुरू केला. त्यात ज्या कार्डाच्या पाठीवर ‘प्रिझम’ हा शब्द स्वतंत्रपणे छापलेला आहे ते पॅरलल, आणि ज्यावर नाही ते बेस. पुढच्या बाजूला संचाचे बोधचिन्ह म्हणून तो शब्द सगळ्यांवरच असतो, त्याने गोंधळून जाऊ नये. पाठीवर शब्द आहे आणि कडा साध्या चंदेरी आहेत, असे कार्ड म्हणजे ‘सिल्व्हर’, आणि त्यावरही टॉर्चखाली रिफ्रॅक्टरसारखेच रंग वाहतात. कडांना निळा, लाल वगैरे रंग किंवा लाटांसारखी नक्षी असेल तर तो त्याच पॅरललांच्या कुटुंबातला पुढचा प्रकार. मात्र रंगीत म्हणजे आपोआप दुर्मीळ असे नसते. काही रंग विशिष्ट दुकानांच्या पाकिटांतून भरपूर निघालेले असतात.

आता ‘१५ पैकी ३’. मुलांचा समज दुर्दैवाने चुकीचा आहे. १९९०च्या दशकातल्या इन्सर्ट संचांत अशी नोंद म्हणजे पंधरा कार्डांच्या त्या छोट्या मालिकेतले हे तिसरे कार्ड, एवढाच अर्थ. प्रत्येक प्रतीवर तीच नोंद असते, मग प्रती हजारोंनी का असेनात. खरी मर्यादित संख्या वेगळ्या पद्धतीने दिलेली असते : ‘०७/२५’ असा, मधे तिरपी रेघ असलेला आकडा, बहुधा चकचकीत फॉइलने कार्डावर दाबून उमटवलेला. पंचवीस प्रती काढल्या आणि ही त्यांतली सातवी, असा त्याचा अर्थ. टॉप्स क्रोमच्या अलीकडच्या संचांत साधारणपणे सोनेरी रिफ्रॅक्टरच्या ५०, नारिंगीच्या २५, लालच्या ५ आणि ‘सुपरफ्रॅक्टर’ची एकच प्रत असते. असा आकडा असलेले कार्ड डब्यात निघाले तर वाटणीच्या वेळी ते बाजूला काढून सर्वांत आधी त्याचाच निर्णय करावा.

क्रिकेट अटॅक्सबद्दल थोडक्यात सांगतो. ती मुळात खेळण्यासाठी काढलेली कार्डे आहेत, आणि त्यांतली फॉइलची कार्डे त्या संचाचा नेहमीचा भाग असतात. ‘लिमिटेड एडिशन’ असे छापलेले कार्ड पाकिटाऐवजी पत्र्याचे डबे किंवा भेटसंच यांबरोबर आलेले असण्याची शक्यता असते. त्यामुळे नावात मर्यादा असली तरी ती फार घट्ट नसते. मुलांचा त्यांवर जीव असेल तर आवडीप्रमाणे वाटून द्यावीत.

रस्त्यावरची दोन कार्डे भिंगाखाली पाहावीत. इतवारीच्या सराफा ओळीत सोनार वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग यासाठी उत्तम. खऱ्या कार्डाच्या पाठीवरची बारीक काळी अक्षरे एकसंध काळ्या शाईची आणि धारदार कडांची असतात. छायाचित्र काढून किंवा स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरे रंगीत ठिपक्यांची बनलेली आणि कडांना फुटलेली दिसतात. चमचम अक्षरांवरून, कडांवरून, सगळीकडून सारखीच पसरलेली असेल, तर वरून चमकीचे लॅमिनेशन चिकटवले आहे असे समजावे. मापही घ्यावे : टॉप्स आणि पानिनीची नेहमीची अमेरिकी कार्डे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असतात. खेळायच्या कार्डांची तुलना मात्र त्याच संचाच्या खात्रीच्या कार्डाशी करावी.

महालातला_वाचक :

वरील माहितीला एकच जोड. फाइनेस्टच्या १९९०च्या दशकातल्या नंतरच्या काही संचांवर पारदर्शक संरक्षक फिल्म असते आणि ती सोलून काढावी अशी सूचनाही तिच्यावरच छापलेली असते. फिल्ममुळे रंग मंद दिसतात आणि रिफ्रॅक्टर बेससारखे भासू शकते. ती काढावी की ठेवावी यावर संग्राहकांत दोन तट आहेत, पण एकदा काढलेली फिल्म परत बसत नाही, म्हणून वाटणी होईपर्यंत तिला हात लावू नये असे माझे मत आहे.

आणि चकाकीचा फारच मोह पडत असेल तर एवढे लक्षात घ्यावे की ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेलेले अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कार्ड साध्या पुठ्ठ्याचे आहे. (भाव सांगू नयेत असे ताईंनी लिहिले आहे याची कल्पना आहे, पण हे कार्ड डब्यात निघण्याचा संभव नसल्याने सांगण्यास हरकत नसावी.)

धरमपेठची_आत्या :

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दिवे घालवून टॉर्चखाली कार्डे पाहिली. फाइनेस्टच्या जोडीतल्या एका कार्डावर रंगांचे पट्टे इतके स्पष्ट वाहिले की धाकटा भाचा ओरडलाच. प्रिझमची विभागणी पाठी वाचून झाली. रस्त्यावरच्या दोन्ही कार्डांवरची चमचम कडेपर्यंत सारखी पसरलेली आहे आणि एका कोपऱ्यात तर तिचा थर सुटू लागला आहे, त्यामुळे भिंग आणण्याआधीच निकाल लागल्यासारखा आहे.

दोन शंका उरल्या आहेत. क्रोमची काही कार्डे धनुष्यासारखी वाकली आहेत. तशी असणे हे खरेपणाचे लक्षण आहे की खोटेपणाचे? आणि १९९०च्या दशकातल्या क्रोमच्या एका कार्डावर हिरवट छटा आली आहे. तो वेगळा पॅरलल समजावा का?

सदरचा_संग्राहक :

वाकणे हे दोन्हींपैकी कशाचेच लक्षण नाही. पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो, वरचा प्लास्टिकचा थर तसे करत नाही, त्यामुळे कार्डाला बाक येतो. बेस आणि रिफ्रॅक्टर दोन्ही वाकतात. आपल्या नागपुरात मे महिन्याची कोरडी आग आणि त्यातच दिवसभर पाणी उडवणारा कूलर, असा दुहेरी मारा कार्डांवर होतो; डबा कूलरच्या खोलीत असेल तर तो आधी तिथून हलवावा. इस्त्री किंवा जड ओझे ठेवून कार्डे सपाट करण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक कार्ड मऊ पाकिटात आणि मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये ठेवावे, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. बाक हळूहळू कमी होतो.

हिरवट छटा हा पॅरलल नाही. त्या काळातल्या क्रोम कार्डांवर वयानुसार अशी छटा चढते आणि संग्राहक ती कार्डाच्या स्थितीतली उणीव मानतात. तेच कार्ड रिफ्रॅक्टर आहे की नाही हे पाठीवरचा शब्द आणि टॉर्च या दोहोंवरून ठरवावे. छटा असली तरी रंगांचे पट्टे दिसतात. जर ते रिफ्रॅक्टर निघाले, तर त्याला स्वच्छ रिफ्रॅक्टरच्या बरोबरीचे धरू नये. वाटणीत त्याच्यासोबत एखादे सिल्व्हर प्रिझम जोडून द्यावे, म्हणजे दोन्ही पारडी जवळपास येतील.