मदत हवी आहे: मान डोलावणाऱ्या जुन्या बाहुलीची तुटलेली दोरी बदलू का?

आत्याने तिच्या बाहुल्यांचं खोकं मला सांभाळायला दिलंय. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात बाहुल्या, सगळ्या मान डोलावणाऱ्या आणि सगळ्या गोष्टींच्या पुस्तकांतल्या नाहीतर चित्रकथांतल्या. लहानपणी मी तिच्या कपाटासमोर उभी राहून हट्ट करायचे, "हिला हो म्हणायला लाव ना." मग आत्या एकेकीला प्रश्न विचारायची आणि कपाळावर हलकी टिचकी मारायची. मान हलता हलता थांबेपर्यंत आम्ही दोघी गप्प. आता आत्याला फार कमी दिसतं, हातही थरथरतो. "तुझ्याकडे राहू देत," म्हणाली.

चार बाहुल्या ठणठणीत आहेत. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे.

पहिली छोटी मुलगी, नऊ सेंटिमीटरच्या आसपास. लाल झगा, कुरळे केस, डोळे म्हणजे नुसती पांढरी वर्तुळं, आत बुबुळं नाहीत. चकाकी नसलेल्या चिनी मातीची आहे. पाठीवर 'जर्मनी' असं इंग्रजीत उमटवलंय. कागद सोडला तर डोकं वेगळं आणि धड वेगळं. डोक्याच्या वर एक बारीक भोक आहे, तळाला दुसरं. आतली दोरी तपकिरी होऊन चिकटली होती, हात लावताच तिचा भुगा झाला. आत्या म्हणते, "हिचीच मान सगळ्यात गोड हलायची."

दुसरा पिनोकिओ. कागदाच्या लगद्याचा वाटतो, मानेत स्प्रिंग आहे. डोकं एका बाजूला कललंय आणि गळ्यापाशी रंगाचे पोपडे निघतायत. तळाच्या फाटक्या कागदी लेबलवर 'जपान' एवढंच वाचता येतं.

तिसरा कोट घातलेला ससा. फुंकरीने हलेल इतका हलका, पिवळट पडलेला. त्याचा कागद उघडला की कापराचा वास येतो.

मला काहीही विकायचं नाही. मुलीची दोरी बदलली तर तिचं जुनेपण बिघडेल का? रंग भरावा का? आणि या साधारण किती जुन्या असतील? जाणकारांनी कृपया सांगा. घाईत काही करून बसेन याची भीती वाटते.

प्रतिसाद १

ताई, बुबुळं नसलेले डोळे आणि लाल झगा म्हणजे बहुतेक लिटिल ऑर्फन ॲनी. ही चित्रकथा अमेरिकी वर्तमानपत्रात १९२४ साली सुरू झाली, त्यामुळे बाहुली त्याआधीची असू शकत नाही. चित्रकथांतल्या पात्रांच्या अशा छोट्या 'नॉडर' बाहुल्या जर्मनीत १९२०-३०च्या दशकांत बनल्या आणि अमेरिकेत विकल्या गेल्या. नुसतं 'जर्मनी' लिहिलेलं असण्याचं कारणही तेच. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यानंतर बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागू लागलं. पाठ भिंगाखाली बघा, पात्राचं नावही पुसट उमटलेलं असू शकतं.

एक गोष्ट आधी सांगतो. या बाहुल्यांवरचा रंग बऱ्याचदा भट्टीत भाजून पक्का केलेला नसतो, नुसता वरून लावलेला असतो. ओल्या फडक्याने एकदा पुसलंत तरी गालांची लाली निघून येईल. मऊ कोरडा ब्रश, बस.

पिनोकिओची गोष्ट इटलीत १८८१ ते १८८३ या काळात क्रमशः छापून आली आणि डिस्नेचा चित्रपट आला १९४० साली. तुमच्या बाहुल्याला पांढरे हातमोजे, मोठा निळा बो आणि पिसाची पिवळी टोपी असेल, तर तो चित्रपटातला, म्हणजे साधारण १९४०च्या सुमाराचा किंवा नंतरचा. मालकी हक्काची ओळ सापडली तर नीट वाचा. 'वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस' हे साधारण १९३९पर्यंत दिसतं, नंतर १९८६पर्यंत 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स'.

शेजारी साल असेल तर मात्र त्याला लगेच बाहुलीचं जन्मसाल समजू नका. ते पात्राच्या हक्काचं साल असू शकतं. स्नूपी या चित्रकथेतल्या कुत्र्याच्या कितीतरी वस्तूंवर १९५८ छापलंय आणि त्या बनल्यात त्यानंतर अनेक वर्षांनी. मी सुरुवातीला या सालांवर विश्वास ठेवून संग्रहाची सगळी वही चुकीची भरली होती, पुन्हा लिहावी लागली.

प्रतिसाद २

दोरी बदला. तिच्यातलं रबर हवेने आणि उजेडाने कुजतंच. बाहुली जगवायची तर तो भाग बदलावाच लागतो, त्याने तिचं जुनेपण जात नाही. फक्त जो भुगा पडलाय तो फेकू नका. छोट्या पाकिटात घाला, तारीख आणि काय केलं ते लिहा आणि बाहुलीजवळ ठेवा. उद्या कुणाला तुमचं काम उलटं फिरवायचं असेल तर फिरवता आलं पाहिजे, एवढंच पथ्य.

दोरी सुताचं वेष्टण असलेल्या बारीक गोल इलॅस्टिकची घ्या. पातळ तार दुमडून सुई करा आणि तळाकडून वर ओढा. तळाला गाठीआधी एक बारीक मणी ओवा, म्हणजे गाठ भोकातून सटकत नाही. खरं कौशल्य ताणात आहे. घट्ट बांधलीत तर मान डोलणार नाही, शिवाय मातीवर माती दाबली जाऊन गळ्याच्या काठाचा टवका उडेल. सैल ठेवलीत तर डोकं लोंबेल. डोकं चिमटीत धरून अलगद उचललं की दोनतीन मिलिमीटर वर यावं आणि सोडल्यावर आपोआप जागेवर बसावं. हे सगळं घडी घातलेल्या टॉवेलवर करा.

आणि गोंद कुठल्याही परिस्थितीत नाही. मान चिकटवून टाकलेल्या नॉडर मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांनी सशाबद्दल काही लिहिलं नाही, पण सगळ्यात आधी तोच बघा. हलका, पिवळा आणि कापराचा वास म्हणजे सेल्युलॉइड. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून ते बनवत, त्यामुळे नुसत्या कापराच्या वासाने घाबरू नका. पण वास नाकाला झोंबणारा असेल, अंग चिकट लागत असेल किंवा काचेसारखं आतून तडकलेलं दिसत असेल, तर ते कुजायला लागलंय. कुजताना त्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स निघतात, दमट हवेत त्यांचं आम्ल होतं आणि जवळच्या धातूला खातं. पिनोकिओची स्प्रिंग त्याच खोक्यात होती ना?

सशाला आजच वेगळा काढा. हवाबंद डब्यात ठेवू नका, वायू आत कोंडला की कुजणं वाढतं. झाकण सैल असलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आम्लविरहित पातळ कागद आणि थंड जागा. दिवा, शेगडी, ऊन यांपासून लांब, कारण सेल्युलॉइड भडकन पेटतं. तापलेली सुई टोचून ओळखायची एक जुनी पद्धत कुणी सुचवेल, ती करूच नका. ॲसिटोनही लावू नका, त्यात ते विरघळतं.

जुनी वर्तमानपत्रंही सगळी काढा. तो कागद स्वतःच आम्लधर्मी असतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले. मुलीच्या पाठीवर खरंच पुसट अक्षरं आहेत आणि त्यातली ए आणि दोन एन स्पष्ट दिसतात! पिनोकिओला हातमोजे आहेत, बो आहे आणि तळाला 'प्रॉडक्शन्स'. ससा चिकट नाही, तडेही नाहीत, तरी वेगळा केलाय. स्प्रिंगवर मात्र तांबूस भुकटी दिसते. तेलाचा थेंब सोडू का? आणि पोपड्यांवर थोडा रंग? विकायचं नाहीये, मग काय हरकत आहे?

प्रतिसाद ४

तेल नको. लगदा ते शोषून घेतो आणि डाग कायमचा राहतो. पाणीही नको, लगदा फुगतो आणि रंगाचा थर आणखी सुटतो. गंज हलक्या हाताने कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी मानेच्या आत पडू देऊ नका. ठेवताना हनुवटीखाली आणि डोक्यामागे कागदाच्या गुंडाळ्या द्या. डोकं जड आहे, त्याचा भार वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडला म्हणून स्प्रिंग कलली. ती पूर्ण सरळ होणार नाही, पण आणखी वाकायची थांबेल.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, लावू नका. विकायचं नाही हे बरोबर, पण आज तुमच्यासमोर जो चेहरा आहे तो बनवणाऱ्याच्या हाताचा आहे. वर एक ठिपका दिलात की तिथपासून तो तुमचा. सुटलेले पोपडे पाकिटात जपा, ते परत बसवण्याचं काम जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत मुरलेल्या माणसाकडून करून घेता येईल.

प्रतिसाद २

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. बारीक टवक्यावर धुऊन काढता येईल असा रंग दिला तर गुन्हा नाही. पण लगद्यावर धुणार कसं, हा प्रश्न आहेच. पिनोकिओपुरतं वरचं म्हणणं मान्य.

धागाकर्ती

रंग लावत नाही, ठरलं.

रविवारी दोरी ओवली. पहिल्यांदा फार ताणली, डोकं खिळल्यासारखं बसलं. सोडवून पुन्हा बांधली. तिसऱ्या खेपेला जमलं. मणी तळात नीट बसलाय, जुना भुगा पाकिटात आहे, पाकिटावर तारीख घातली.

मग आत्याकडे घेऊन गेले. तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि टिचकी मारली. आत्याला दिसलं नाही, पण ऐकू आलं. मानेची माती गळ्याच्या मातीला लागते तो बारीक टिकटिक आवाज, तो मी पार विसरले होते. आत्याने लगेच विचारलं, "ॲनी ना ही?" मग टेबलाची कड चाचपत बोट पुढे आणलं, मी ते बाहुलीच्या कपाळापर्यंत नेलं आणि पुढची टिचकी तिने स्वतः मारली.

आता एकच विचारायचं राहिलंय. त्या आवाजाने काठ झिजत असेल का? गळ्यात पातळ फेल्टची चकती घातली तर काठ वाचेल, पण आवाज जाईल. कुणी दोन्ही सांभाळलंय का?