लुईस बेटावरची काळी घरं: धूर जायचा कुठून?

केतकी_ग्लासगो: जूनमध्ये आईबाबा येताहेत. त्यांना घेऊन स्कॉटलंडच्या लुईस बेटावर जायचं ठरतंय. तिथली ती जुनी दगडी घरं, 'ब्लॅकहाउस', बघण्यासारखी आहेत का? चिमणीच नसते म्हणे! बाबांना दमा आहे म्हणून विचारतेय.

खाडीवाला: नक्की बघा. गेल्या सप्टेंबरात आर्नोल गावातलं ४२ नंबरचं घर बघितलं. १९६६ पर्यंत तिथे माणसं राहत होती.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे वळचण जितकी पुढे तितकी भिंत कोरडी. इथे सगळं उफराटं! छप्पर भिंतीच्या आतल्या कडेवर टेकवलंय आणि बाहेरचा रुंद कट्टा उघडाच, वर गवत माजलेलं. म्हटलं, गवंडी चुकला की काय. मग बाहेर आलो, वाऱ्याने माझी छत्री उलटी केली आणि डोक्यात प्रकाश पडला. वळचण ठेवली असती तर वाऱ्याने तिलाच धरून छप्पर उचललं असतं.

भिंतही एक नाही, दोन. बिनचुन्याचे दगड रचून मध्ये माती ठासलेली. छपराचं पाणी त्या मातीत उतरतं, वाराही तिथेच अडतो. कोपरे गोल. छपराच्या गवतावरून दोर टाकून टोकांना धोंडे लटकवलेत.

धुराचं म्हणाल तर घराच्या मधोमध जमिनीवरच पीटचा विस्तव. (पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, विटांसारखी रचून ठेवतात.) धूर गवतातूनच हळूहळू झिरपतो. काजळी धरलेलं ते गवत मग शेतात खत म्हणून जायचं. गुरं त्याच छपराखाली, दारही तेच. माझ्या स्वेटरला दोन धुण्यांनंतरही वास होता.

केतकी_ग्लासगो: मग बाबांना बाहेरच बसवावं लागणार :(

पावसाळी_पाहुणा: त्यांना गॅरनन गावात न्या. तिथली घरं १९७४ पर्यंत वापरात होती, आता दुरुस्त करून पर्यटकांना राहायला देतात. आम्ही दोन रात्री राहिलो, धुराचा त्रास नाही. फक्त रविवारी फिरायचं ठरवू नका, बेटावर तो दिवस कडक पाळतात.

खाडीवाला: हो, हे बरं. आणि आर्नोलला आईंना सांगा, वाकून शिरा. मी कपाळावर टेंगूळ घेऊन आलोय.