यादीत दिसतो, पण ऑनलाइन जात नाही

वर विचारलंय की टीआयए पोर्टलच्या (सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरच्या) 'ॲक्सेसिबल डिव्हायसेस' यादीत एस७-१२०० हा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) दिसतो, पण 'गो ऑनलाइन' केलं की अडकतो, म्हणजे पीएलसी गेला का? नाही हो, इतक्यात नवीन मागवू नका. ती यादी डीसीपी या, नेटवर्कवरची उपकरणं शोधणाऱ्या प्रोटोकॉलने भरते आणि तो आयपी न बघता थेट मॅक ॲड्रेसवर (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर) बोलतो. त्यामुळे पीएलसी १९२.१६८.०.१ वर आणि लॅपटॉप १९२.१६८.१० च्या सिरीजमध्ये असला तरी तो यादीत येतो. ऑनलाइन जायला मात्र जुळणारा आयपी आणि टीसीपीचं १०२ पोर्ट उघडं लागतं. आधी सबनेट बघा (दोघांचे आयपी एकाच गटातले आहेत का), मग लॅपटॉपची फायरवॉल. राउटरपलीकडे याच्या उलट: डीसीपी तिथे पोचत नाही, यादी रिकामी, पण आयपी हाताने टाकला की काम होतं.

दुसरा मुद्दा स्काडाचा, म्हणजे पीएलसीचा डेटा कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याला पीएलसीशी जोडायला एका प्रतिसादात 'पुट/गेट' (बाहेरून पीएलसीचा डेटा थेट वाचू-लिहू देणारी सोय) चालू करा असं बिनधास्त सांगितलंय. चालतं, डेटा ब्लॉकचं (पीएलसीत डेटा ठेवायच्या जागेचं) 'ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस' हे सेटिंग काढावं लागेल एवढंच. पण मग त्या नेटवर्कवरचा कोणीही पासवर्डशिवाय टॅगमध्ये (पीएलसीतल्या व्हॅल्यूंमध्ये) लिहू शकतो. मॉडबस टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलचंही (पोर्ट ५०२) तेच; मॉडबस मुळात १९७९ मध्ये मॉडिकॉन या पीएलसी कंपनीने काढला, तेव्हा चोराचा विचार कोण करणार! पीएलसीचं फर्मवेअर ४.४ किंवा पुढचं असेल तर सरळ त्यातला ओपीसी यूए (डेटा देवाणघेवाणीचा सुरक्षित प्रोटोकॉल) सर्व्हर चालू करा, लायसन्सचे पैसे पडतात पण युजर आणि सर्टिफिकेट दोन्ही लावता येतात.

लॅपटॉपचा आयपी आणि सबनेट मास्क इथे टाका, बघू.